सत्तावीस नंबरच्या डब्यातली पाटी

कोबे, जपान
१२ नोव्हेंबर १९६५

हमदुल्ला,

सलाम. सेठच्या पाकिटात सॅम्पलचे तुकडे आणि इनव्हॉइस आहे, ते धंद्याचं. हे पत्र घरचं आहे, तेव्हा दुकानात चार जणांसमोर मोठ्याने वाचू नकोस. तुझी ती खोड मला माहीत आहे.

आमच्या घरामागून जाणारी विजेची गाडी आठवते का? चॉकलेटी रंगाची, लाकडी डब्यांची? तू आणि आपल्या गावचा गनी, अल्ला त्याला जन्नत देवो, जहाजावरून उतरून माझ्याकडे आला होता तेव्हा आपण तिघं तिच्यात बसलो होतो. मला तर बारा वर्षं तिनेच ऑफिसला नेलं आणि आणलं. गेल्या रविवारी ती गाडी रिटायर झाली. आता सगळे डबे लोखंडी, दारं आपोआप उघडतात. शेवटच्या फेरीला लोकांनी कागदी फुलांच्या माळा घातल्या. म्हातारी माणसं डब्याला हात लावून रडत होती. आपल्याकडे माणूस रिटायर झाला तरी कोणी एवढं रडत नाही.

बाकीचे डबे भंगारात गेले. फक्त सत्तावीस नंबरचा ठेवलाय. तो लॉरीवरून आणून आमच्या सुरैय्याच्या बालवाडीच्या आवारात उभा करणार आहेत, मुलांना खेळायला. जुने कामगार सुट्टीच्या दिवशी येऊन तो पहिल्यासारखा करताहेत. चामड्याचे पट्टे, पितळी कड्या, सगळं जिथल्या तिथे. एकच वस्तू नाही. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीखाली पितळेची एक पाटी होती, ती नाही. तिथे स्क्रूची चार भोकं तेवढी दिसतात. नवी करून लावा म्हटलं तर त्या गाडीचा कंडक्टर मोरिता-सान ऐकत नाही. म्हणतो, "ती माझ्या ड्यूटीवर हरवली. भोकं राहू देत." तुला घंटेची दोरी ओढू दिली होती, तोच हा.

खालाची तब्येत कशी आहे? तिच्या पायाला तेल पाठवतोय.

तुझा मावसभाऊ
हनीफ


देरा, दुबई
९ डिसेंबर १९६५

हनीफभाई,

आलेकुम सलाम. तेल मिळालं, पुढच्या स्टीमरने गावी पाठवतो. अम्माची तब्येत ठीक आहे असं धाकटी अन्वरी लिहिते.

इथे बरं चाललंय. जहाज सोडून मी या कापडाच्या दुकानात बसलो त्याला सहा वर्षं होतील. तुमची गुलाबी फुलांची जपानी जॉर्जेट आली की बायका तुटून पडतात. बोटीतून गासड्या उतरवून गोडाऊनला नेईपर्यंत कंबर खलास होते. खाडीवर पूल झालाय, पण मी अजून अब्राच्या होडीनेच पलीकडे जातो. होडीत बसल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

गाडीचं तुम्ही लिहिलंत, पण मला नीट आठवत नाही. किती बंदरं झाली, किती गाड्या. एका जुन्या डब्यासाठी एवढी माणसं रडतात म्हणजे त्या लोकांना दुसरं काम नाही. आणि चार भोकांचं काय एवढं मोठं? लाकडाचा भुसा आणि सरस भरा, वर रंग मारा, यल्ला, काम संपलं.

सुरैय्याला दुवा.

हमदुल्ला


कोबे
३ जानेवारी १९६६

हमदुल्ला,

रमजान मुबारक. तुला आठवत नाही म्हणतोस, म्हणून मीच आठवण करून देतो, कारण आता गोष्ट माझ्या गळ्याशी आली आहे.

मोरिता-सान रोजची डायरी ठेवतो. पाटी गेली तो दिवस त्याने मला काढून दाखवला. ८ ऑक्टोबर १९५४, शुक्रवार. आपण इथल्या मशिदीत जुम्म्याची नमाज पढून गाडीत बसलो, तोच दिवस. त्याने लिहून ठेवलंय, "दुपारच्या फेरीत परदेशी खलाशी दोन, त्यांच्यासोबत हनीफ-सान." त्याने इतक्या वर्षांत हे कोणालाही सांगितलं नाही. ड्यूटी संपल्यावर डब्यातली प्रत्येक वस्तू मोजून द्यायची असते. त्या दिवशी एक पाटी कमी भरली. साहेबांनी त्याच्याकडून चूक कबूल केल्याचा कागद लिहून घेतला. मोटरमन व्हायची त्याची पाळी आली होती, ती गेली ती गेलीच. येत्या मार्चमध्ये तो कंडक्टर म्हणूनच निवृत्त होतोय.

हे सगळं त्याने हसत सांगितलं, मला काही विचारलं नाही. मीच चटकन बोलून गेलो, "आमची माणसं असं करत नाहीत. माझा शब्द घ्या." त्याने वाकून माझा शब्द घेतला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

तू आणि गनी, दोघंच होता. तू नाहीस, गनीही नाही, एवढं एका ओळीत लिहून पाठव.

हनीफ


देरा
२८ जानेवारी १९६६

हनीफभाई,

ईद मुबारक. शारजाला रोल्ला म्हणतात त्या जुन्या वडाखाली गेलो होतो. अख्खं शारजा तिथे लोटतं. फांद्यांना झोके बांधतात, बायका-पोरं दिवसभर झुलतात. मीपण बसलो एकदा, दोरी तुटायचीच बाकी होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जड जातंय. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. पण तुम्ही भाऊ आहात आणि शब्द देऊन बसलात, म्हणून सांगतो. गनीच्या खिशात इंजिनरूमचा स्क्रू-ड्रायव्हर असायचा. त्या दिवशी तो त्या खिडकीशीच बसला होता. मी घंटा वाजवायला पुढे गेलो होतो, मागे काय झालं मी पाहिलं नाही. जहाजावर आल्यावर त्याच्या पेटीत काहीतरी चमकताना दिसलं होतं. मी विचारलं नाही.

अल्ला त्याला माफ करो. एडनला दफन झाला बिचारा, त्याची कबरही बायकोने पाहिली नाही. हे तुमच्यामाझ्यातच राहू द्या.

हमदुल्ला


कोबे
२० फेब्रुवारी १९६६

हमदुल्ला,

तुझं पत्र आलं. खरं बोललास, बरं केलंस. तुझ्यामाझ्यात ठेव म्हणालास, पण मला ते जमलं नाही. मी चुकीचा शब्द दिला होता, तो परत घ्यायलाच हवा होता.

रविवारी बालवाडीत गेलो. मोरिता-सान डब्याच्या फरशीला तेल लावत होता. मी सांगितलं. त्याने फडकं खाली ठेवलं, हात पुसले आणि विचारलं, "त्यांच्या घरी कोण आहे?" विधवा आहे, शहरबानू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने देवळात जाऊन गनीच्या नावाने उदबत्ती लावली आणि एक पत्र लिहून आणलं. "तुमच्या पतीबद्दल माझ्या मनात राग उरलेला नाही. त्यांनी शांत झोपावं, तुम्हीही शांत असावं." एवढंच. माझ्याने वाचवेना.

मी ते मराठीत लिहून, कशाबद्दल ते कळावं म्हणून पाटीची हकीकत वर जोडून, शहरबानूभाभीला पाठवून दिलं. तिच्या नवऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलं, तर तिला सुकूनच मिळेल ना?

हनीफ


गाव
२५ मार्च १९६६

हमदुभाई,

तेलाची बाटली पोचली. अम्मा मजेत, पाय तेवढे दुखतात. तू विचारलंस गावात काय नवीन, तर ऐक. चांगलं नाही.

शहरबानूभाभीला जपानहून पत्र आलं. तिला वाचता येत नाही, म्हणून ती ते घेऊन आपल्या पडवीत आली. अम्मा होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. मी वेडी, आधी मनात वाचून न बघता सरळ मोठ्याने वाचायला लागले. अर्ध्यात आल्यावर कळलं की गनीभाईने चोरी केली असं लिहिलंय. तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. भाभीने माझ्या हातून ते काढून घेतलं. पत्राची घडी घातली आणि गेली.

घरी जाऊन तिने गनीभाईच्या पेट्या उलट्यापालट्या केल्या. पाटी कुठे सापडणार? त्यांनी जपानहून आणलेले सहा निळे कप तेवढे निघाले. ईदेला त्यातच शिरखुर्मा द्यायची. आता ते फडक्यात बांधून माझ्याकडे आणून ठेवलेत. म्हणते, "हेपण कुणाचे तरी असतील. हमदुभाईकडे पाठव, ज्याचे त्याला पोचते करतील." विहिरीवर सगळ्यांच्या नंतर जाते. तिच्या लेकीला, हाफिजाला, मदरशात पोरी चिडवतात.

आणि दर जुम्मेरातीला ती आपल्याकडे येते. तू कोबेच्या मशिदीतून आणलेली आयतीची पाटी अम्माकडून मागून घेते, धुते आणि ते पाणी पिते. गनीभाईचा गुन्हा माफ व्हावा म्हणून. काल पिता पिता ती मध्येच थांबली. अम्माने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "पी बाई, या पाण्याने माझा ताप उतरला होता, तुझाही जीव थंड होईल."

तू कधी येतोस?

अन्वरी


देरा
१० एप्रिल १९६६

हनीफभाई,

अन्वरीचं पत्र सोबत पाठवतोय. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता कळलं असेल.

पाटी मी काढली. गनी खिडकीबाहेर डोंगर बघत होता, त्याला काही माहीत नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हर माझा होता. का काढली विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. ती इतकी चमकत होती! कोणीतरी रोज हाताने घासल्याशिवाय पितळ तसं चमकत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं, भाई. जहाजावर पितळ घासून घासून माझी बोटं गेली होती. तरी काढली. एक स्क्रू खाली पडला, तो पायाने सीटखाली सारला.

घरी पोचलो तेव्हा अम्मा तापाने फणफणत होती. गनीने बायकोला कप आणले, ओढणी आणली. मी पगार बंदराबंदरात उडवलेला, पेटीत आणायला काही नव्हतं. पाटी अम्माच्या हातात ठेवली. तिने विचारलं, "हे काय रे?" चोरीचं आहे असं आईला कसं सांगू? तोंडातून निघून गेलं, "कोबेच्या मशिदीच्या इमामाने दिली. तिकडे आयत अशीच लिहितात." अम्माने ती डोळ्यांना लावली, धुऊन पाणी प्याली. सकाळी ताप उतरला. खलास. दुपारपर्यंत शेजारणी पोरं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यानंतर कधी सांगायचं होतं, तुम्हीच सांगा. एक दिवस गेला, मग एक वर्ष गेलं. मी जहाज सोडून इकडे आलो, त्याला एक कारण पाटी टांगलेली ती भिंतही होती. सुट्टीत घरी गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.

आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला गनी सोयीचा वाटला. मेलेला माणूस उलट बोलत नाही. आम्ही नऊ वर्षं एका बंकवर वर-खाली झोपलो. मला ताप आला तर माझी पाळी तो करायचा. त्याच्या बायकोने माझ्या चोरीची माफी मागावी, तीही माझ्याच चोरीच्या मालासमोर! काल रफिकने, माझ्या खोलीतल्या जोडीदाराने, ताट वाढलं. मी हात धुऊन तसाच उठलो.

काय करू ते सांगा. शिव्या द्या, पण लिहा.

हमदुल्ला


कोबे
२२ एप्रिल १९६६

हमदुल्ला,

शिव्या द्यायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही. तू लिहिलंस आणि मी ते विधवेच्या घरी पोचवलं. आपण दोघांनी मिळून केलंय हे.

ते सहा कप गनीने माझ्यासमोर विकत घेतले. मोतोमाचीच्या दुकानात अर्धा तास घासाघीस केली, दुकानदारीण शेवटी हसायला लागली. हे शहरबानूभाभीला माझ्या नावाने सांग.

पाटीवर काय लिहिलंय ते तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. मी सांगतो. "खिडकीतून हात व डोके बाहेर काढू नये."

बालवाडीचं नवं वर्ष सुरू झालं. पोरं त्या चार भोकांत बोटं घालून खेळतात. मोरिता-सानला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू गावात सांगितलंस असं पत्र आलं की मग सांगेन, आधी नाही. मी आता कोणाच्याही वतीने आधी शब्द देत नाही.

हनीफ


गाव
१९ मे १९६६

हनीफभाई,

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने पोचलो.

शुक्रवारी नमाजेनंतर जमातीसमोर उभा राहिलो. सांगितलं. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे चपला घालून गुपचूप निघून गेले. गनीचा चुलता तेवढा थांबला, माझ्याकडे बघत राहिला आणि मग तोही गेला.

घरी आलो तर अम्मा, अन्वरी, शहरबानूभाभी पडवीत बसल्या होत्या. मी भाभीला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. कपांचंही सांगितलं. भाभीने फक्त तेवढ्यापुरती मान वर केली.

अम्माने विचारलं, "मग यावर लिहिलंय तरी काय?"

मी सांगितलं. कोणी हसलं नाही. अम्मा भिंतीवरच्या पाटीकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे बारा वर्षं मी लोकांच्या लेकरांना हे पाजलं?"

मी म्हटलं, "अम्मा, तुझा काय दोष? तुला कुठे माहीत होतं?"

"तुला होतं ना?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन निघाली. तिचे पाय कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. घराघरात जाऊन उंबऱ्यावर उभी राहून सांगत होती, "माझ्या घरचं पाणी साधं होतं. माझ्या पोराने खोटं सांगितलं. मला माफ करा." मी मागोमाग गेलो तर काठी उगारून म्हणाली, "तू नको येऊस. लोक तुझ्या तोंडाकडे बघून मला माफ करतील, ते मला नको." बेचाळीस घरं आहेत, भाई. तीन दिवस लागले. मी पडवीत बसून होतो.

पाटी मी भिंतीवरून काढली आणि पुसायला घेतली, तर भाभीने माझ्या हातातून ओढून घेतली. चिंच आणि राख लावून विहिरीवर बसून घासली, सगळ्या बायकांसमोर, भर सकाळी. मग जाड कापडात शिवून पार्सल केलं आणि अन्वरीच्या हाती दिलं. मला ऐकू येईल असं म्हणाली, "हिच्यापायी माझ्या माणसाचं नाव बदनाम झालं, आता ही माझ्याच हातून साफ होऊन जाऊ दे." कप मात्र परत घेऊन गेली.

पार्सल रजिस्टर्ड केलंय. स्क्रू तीनच आहेत.

हमदुल्ला


कोबे
१७ जुलै १९६६

हमदुल्ला,

पार्सल पोचलं. मोरिता-सानला घरी बोलावून सगळं सांगितलं. तू, गनी, अम्मा, विहीर, काहीही लपवलं नाही. टाके उसवून त्याने पाटी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली. "हे कोणी घासलं?" म्हणाला. शहरबानूभाभीने, म्हटलं. तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला.

"ज्या माणसाने काही केलं नाही, त्याला मी माफ केलं," म्हणाला. "याच्याइतका अपमान दुसरा नाही." आणि तिथेच बसून त्याने भाभीसाठी माफीचं पत्र लिहिलं. बारा वर्षं ज्याने भोगलं, तोच शेवटी माफी मागतोय, हे बघून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. या वेळी मी पत्र तसंच्या तसं मराठीत उतरवून आधी अन्वरीला पाठवलंय. तिने मनात वाचावं आणि मग चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावं, असं कळवलंय.

रविवारी पाटी लावली. चौथा स्क्रू त्याच्याकडे होता. त्याच दिवशी सीटखाली सापडला होता, त्याने जपून ठेवला होता. सुरैय्याने भोकं बुजली म्हणून तोंड फुगवलं. त्याने तिला उचलून खिडकीशी बसवलं आणि पाटी वाचून दाखवली. तिने लगेच हात आत घेतला.

तुझ्याबद्दल तो काही बोलला नाही. मी शेवटी न राहवून विचारलं, हमदुल्लाला काय कळवू? त्याने घरून एक पाकीट आणून दिलं. चौपन्न साली त्याने लिहून दिलेला चुकीच्या कबुलीचा तो कागद. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्याला परत केला. म्हणाला, "हा त्यांचा आहे. चुकून बारा वर्षं माझ्याकडे राहिला."

सोबत पाठवतोय.

हनीफ


देरा
१४ ऑगस्ट १९६६

हनीफभाई,

कागद मिळाला. अम्मा माझ्या पत्रांना उत्तर देत नाही, अन्वरी लिहिते. मीही तिला फार त्रास देत नाही, दर स्टीमरने पत्र तेवढं टाकतो.

कागद मी माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावलाय, जेवताना समोर दिसेल असा. काल रफिकने पाहिला. जवळ जाऊन निरखून पाहिला आणि विचारलं, "हमदुमामू, ये क्या लिखा है? कोई आयत है क्या?"

मी म्हटलं, "नाही. माझी चोरी लिहिली आहे." आणि मग त्याला पहिल्यापासून सांगत बसलो.

हमदुल्ला